आपली राज्यघटना म्हणजे १९३५ च्या ब्रिटिश कायद्याची (भारत सरकार कायदा, ज्यावर तेव्हा देशाचा कारभार चाले) नक्कल आहे का?

सांगाडा बराचसा तिथलाच, हे खरं. राज्यपाल, केंद्र-राज्य विषयसूची, लोकसेवा आयोग वगैरे. हा आरोप तेव्हाही होत होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत ठणकावलं की मूलभूत कल्पनांचं पेटंट कुणाकडे नसतं.

पण त्या कायद्यात सरसकट प्रौढ मताधिकार कुठे होता? मूलभूत हक्कही नव्हते. आता हक्क डावलला तर कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. माझ्या मते खरा फरक इथेच आहे.

आपल्या घटनेचा बाहेरचा प्रभाव म्हणाल तर १९७३ चा केशवानंद भारती खटला बघा. १३ न्यायाधीश, निकाल ७ विरुद्ध ६, म्हणजे अगदी काठावर! संसदेला घटनादुरुस्ती करता येते, पण मूळ ढाच्याला, म्हणजे घटनेच्या गाभ्याला, हात लावता येत नाही, असं त्यात ठरलं. १९८९ मध्ये बांगलादेशच्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व उचललं.