अमेरिकेत 9 मिमीची काडतुसं घरी भरणं परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की 9 मिमीचं पिस्तूल आहे, महिन्याला साधारण 200 राउंड (काडतुसं) मारून होतात, गॅरेजमध्ये जागा आहे आणि मित्र म्हणतो, प्रोग्रेसिव्ह प्रेसचे (दांड्याच्या दर ओढीला एक काडतूस पुरं करणाऱ्या यंत्राचे) पैसे वर्षभरात वसूल होतात. होत नाहीत. मी ओहायोत राहतो. गेल्या खेपेला मला प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) 8 सेंटला पडला, गोळी (नळीतून उडणारं पुढचं टोक) 10 सेंटला, बंदुकीची दारू 3 सेंटची. रिकाम्या पितळी पुंगळ्या नेमबाजीच्या रेंजवर फुकट वेचल्या. झाले 21 सेंट. तेच तयार काडतूस दुकानात 26 सेंटला मिळत होतं. पाच सेंट गुणिले 200 म्हणजे महिन्याला 10 डॉलर. प्रेस, डाय (साचे), वजनकाटा, पुंगळ्या घासायचं यंत्र आणि बाकीची सटरफटर मिळून 1200 डॉलर धरा. दहा वर्षं लागतील. त्यात दारू आणि प्रायमर ऑनलाइन मागवले तर धोकादायक मालाचं शुल्क वेगळं. तुमच्याकडचे भाव थोडे वरखाली असतील, पण उत्तर फारसं बदलणार नाही.

हे चार ओळींत संपलं असतं. पण तुमच्या मित्राचं वाक्य मी 2021 मध्ये माझ्या साडूच्या तोंडून शब्दशः ऐकलंय, म्हणून पुढचं लिहितोय.

तेव्हा दुकानांत काडतुसं नव्हती. 9 मिमीचा एकेक राउंड डॉलरच्या आसपास गेला होता. साडूने प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतलं आणि सगळ्यांना सांगत सुटला की मला राउंड 9 सेंटला पडतो. त्याचे प्रायमर 2018 मध्ये 3 सेंटने घेतलेले, गोळ्याही तेव्हाच्याच. जुन्या भावाच्या मालाची आजच्या भावाशी तुलना करून नफा दाखवायचा, हा हिशेब मला तेव्हाही पटला नाही. तो साठा संपला की नवा माल नव्याच भावाने घ्यावा लागणार. आणि टंचाईत आधी प्रायमरच गायब झाले होते, हे लोक विसरतात. घरात आधीपासून साठा नसेल तर प्रेस नुसतं टेबलावर उभं राहतं.

2022 च्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले. बाबा पुण्याला खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत 31 वर्षं होते, बहुतेक काळ तपासणीच्या कामावर. 1869 पासूनचा कारखाना आहे तो. लहानपणी मला एवढंच माहीत होतं की बाबा खिशात काडेपेटी ठेवत नाहीत आणि कुठलीही वस्तू दोनदा मोजतात. इथे ते गॅरेजमध्ये स्टूल घेऊन बसायचे आणि मी माझ्या साध्या, एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसवर रायफलची काडतुसं भरताना बघत राहायचे.

"किती आलं वजन?"

"बरोबर आहे, बाबा."

"बरोबर म्हणजे किती?"

दोन दिवसांनी त्यांनी एक वही आणायला लावली. तारीख, दारूचा लॉट, दर दहाव्या काडतुसाचं वजन, शेरा. रकाने त्यांनी स्वतः आखले. पुंगळ्यांच्या प्रत्येक ट्रेवर टॉर्च मारून आतली दारूची पातळी बघायची, त्याशिवाय गोळी बसवायची नाही, हाही त्यांचाच नियम.

त्याच महिन्यात साडूने मला 250 राउंड भेट दिले. मी ते रेंजवर नेले, बाबाही सोबत आले. 39 व्या राउंडला टाळी वाजल्यासारखा आवाज झाला. हाताला धक्का नाही, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे आलीच नाही. अशा वेळी हात सवयीने स्लाइड ओढून पुढचा राउंड चढवायला जातो. माझाही गेला. मागून बाबांचा "थांब" ऐकू आला आणि मी थांबलो. पुंगळीत दारूच नव्हती. नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत दीडेक इंच सरकून अडकली होती. तिच्यावर दुसरी मारली असती तर नळी फुटू शकली असती, आणि ती नळी माझ्या हातात होती.

घरी येऊन पितळी सळईने गोळी काढली. मग उरलेले 211 राउंड दोन संध्याकाळी बसून उघडले. ठोकून गोळी काढायचा एक प्लास्टिकचा हातोडा मिळतो, 20-25 डॉलरला. मी ठोकत होतो, बाबा दारू तोलून वहीत लिहीत होते. 210 ठीक निघाले. एकात बरोबर दुप्पट दारू होती. 9 मिमीची दारू इतकी थोडी असते की दुप्पट घातली तरी पुंगळीतून सांडत नाही, वरून गोळी निमूट बसते. साडूला फोन केला तेव्हा त्याला आठवलं: मध्येच एक प्रायमर तिरका बसून प्रेस अडकलं होतं, त्याने ते सोडवलं आणि पुंगळ्या पुढे नेणारी खालची तबकडी हाताने मागेपुढे फिरवून काम चालू ठेवलं. त्यात एक पुंगळी दारूखालून कोरडीच गेली आणि एक दोनदा गेली.

तो म्हणाला, हजारात एखादं होतं असं. आणि मग म्हणाला, "काकांचं सरकारी कारखान्यातलं ज्ञान इथे कशाला लावतोस?" फोन स्पीकरवर होता. बाबा समोर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत, वही मिटून आत गेले. पुढच्या वर्षी बाबा गेले. साडूशी माझं बाकी सगळं बोलणं होतं, दिवाळीचा फराळ दोन्ही घरचा एकत्रच होतो, पण या विषयावर त्याने आजतागायत चूक कबूल केलेली नाही.

म्हणून तुमच्या मित्राला माझ्यातर्फे विचारा: तपासणीचा वेळ त्याने हिशेबात कुठे धरलाय? कारखान्याच्या 26 सेंटमध्ये तपासणाऱ्याचा पगार असतो. घरी तपासणारे तुम्हीच. प्रेस ताशी 400 राउंड काढतं म्हणतात, ते दांडा ओढायचा वेग झाला. प्रत्येक पुंगळीत डोकावून बघितलं तर तो वेग राहत नाही, आणि डोकावून बघत नसाल तर ती पाच सेंटची बचत मला नको.

मी स्वतः आजही भरतो, पण फक्त माझ्या एम-1 गरँड या जुन्या लष्करी रायफलसाठी. तिथे कारण पक्कं आहे. हल्ली दुकानात मिळणारे बरेचसे .30-06 चे (तिच्या कॅलिबरचे) राउंड तिला मानवत नाहीत, सावकाश जळणाऱ्या दारूने तिचा ऑपरेटिंग रॉड (पुढचा राउंड चढवणारी यंत्रणा हलवणारा दांडा) वाकू शकतो. तिच्यासाठी खास बनवलेला राउंड मला दीड डॉलरच्या वर पडतो, घरचा 90-95 सेंटला. एका मॅचला 35 लागतात, तासाला 50-60 सावकाश भरून होतात. निशाण्यावर माझ्या गोळ्यांचा गटही घरच्या राउंडने लहान, म्हणजे जास्त अचूक, येतो. अचूकतेसाठी किंवा दुर्मिळ कॅलिबरसाठी भरायचं असेल तर जरूर भरा. 9 मिमीवर पैसे वाचवायला भरू नका. .22 या छोट्या कॅलिबरच्या काडतुसाचा तर प्रश्नच नाही, तिचा प्रायमर पुंगळीच्या कडेतच असतो, ती पुन्हा भरण्याजोगी नसते. पॅरिसला 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्य घेतलं, तिथे हीच .22 असते, म्हणजे त्या नेमबाजांना तयार राउंड विकतच घ्यावे लागतात.

हे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं: तुम्ही एच-1बी वर असाल तर आधी वकिलाला भेटा. व्हिसावर तात्पुरते राहणाऱ्यांना इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद आहेत. आणि कायद्याच्या व्याख्येत रिकामी पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू हे सगळं सुटं सुटंही दारूगोळाच ठरतं. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. स्वतःपुरतं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. राज्याचे नियम वेगळे बघा. भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे.

घरात लहान मुलं असतील तर शिशाचंही बघा. उडालेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. पुंगळ्या कोरड्या घासल्या की तीच धूळ हवेत उडते. मी ओल्या पद्धतीने घासतो, हात धुतल्याशिवाय घरात जात नाही आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेतो.

एवढं वाचूनही घ्यायचंच ठरवलं असेल, तर प्रेसच्या आधी तो हातोडा आणि एक चांगला काटा घ्या, आणि मित्राने भरलेले 50 राउंड त्याच्यासमोर उघडून तोला. वहीचे रकाने हवे असतील तर बाबांच्या पानाचा फोटो काढून पाठवतो.