मोशन म्हणजे गती की हालचाल?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय, सिंहस्थातल्या गर्दीच्या कॅमेऱ्यांवर त्यांची मुलं प्रोजेक्ट करतायत, त्याची माहिती मराठीत लिहायचीय आणि मथळ्यापाशीच अडलंय. त्यांचा मथळा असा: "न्यूरल नेटवर्कला व्हिडिओतील गती कार्यक्षमपणे ओळखण्यास शिकवणे". (न्यूरल नेटवर्क म्हणजे भरपूर उदाहरणं दाखवून शिकवलेला कॉम्प्युटर प्रोग्राम.) मोशनला गती बरोबर का, आणि एफिशियंटला कार्यक्षम चालेल का?

मॅडम, गती चूक नाहीये. नववीच्या विज्ञानात पहिला धडाच गतीचे नियम हा आहे, तिथे मोशन म्हणजे गती, स्पीड म्हणजे चाल, व्हेलॉसिटी म्हणजे वेग अशी व्यवस्थित वाटणी आहे. पण वर्गाबाहेर ही वाटणी फारशी कोणी पाळत नाही, कॉलनीतला स्पीडब्रेकर गतिरोधक असतो, कामाची गती वाढवा म्हणजे स्पीड वाढवा, अमक्याला गणितात गती आहे म्हणजे त्याला ते जमतं, आणि रामकुंडावर अस्थी घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडी गती शब्द येतो तेव्हा तर अर्थ पूर्णच वेगळा. त्यामुळे "व्हिडिओतील गती ओळखणे" वाचलं की हायवेवर गाड्यांचा स्पीड मोजणारा कॅमेरा डोळ्यासमोर येतो. तुमची मुलं स्पीड मोजत नाहीयेत, माणूस कसा हलतोय ते ओळखतायत, म्हणून इथे हालचाल घ्या. हालणं आणि चालणं दोन्ही त्यात आलं, जागच्या जागी हात हलवणारा पण आणि घाटावरून चालत जाणारा पण. चलनवलन हा जुना शब्दही मला आवडतो, पण आजच्या मुलांना तो लगेच कळेल असं वाटत नाही.

दुसरं म्हणजे मोशन आणि ॲक्शन एकच नाही. पाय सरकला ही हालचाल, पाण्यात उतरला ही कृती. रामकुंडाच्या पायरीवर उभ्या माणसाचा एकच फोटो दाखवला तर तो पाण्यात उतरतोय की बाहेर येतोय हे तुम्हालाही सांगता येणार नाही, पुढच्या-मागच्या फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली सुटी चित्रं, क्रमाने पाहिल्या की लगेच कळतं. समथिंग-समथिंग नावाचा व्हिडिओसंग्रह ह्याच कारणासाठी महत्त्वाचा आहे, त्यात काहीतरी उघडणं, काहीतरी डावीकडून उजवीकडे ढकलणं अशा १७४ कृती आहेत आणि फ्रेमचा क्रम उलटा केला तर त्यातल्या बऱ्याचशा कृतींचा अर्थच उलटतो. म्हणजे ह्या विषयात हालचाल कुठल्याही एका फ्रेममध्ये नसते, ती दोन फ्रेमच्या मधे असते. हे मुलांना आधी सांगा, मग शब्द आपोआप नीट बसतील.

आता एफिशियंट. कार्यक्षमपणे म्हटलं की काम चांगलं केलं एवढंच कळतं, पण इथे खरा मुद्दा खर्चाचा आहे, किती गुणाकार-बेरजा कराव्या लागतात. २०१४ मध्ये सिमोन्यान आणि झिसरमन ह्या संशोधकांनी दोन नेटवर्क वापरली, एक साध्या फ्रेम बघणारं आणि दुसरं ऑप्टिकल फ्लो बघणारं. ऑप्टिकल फ्लो म्हणजे प्रत्येक पिक्सेल एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये कुठून कुठे सरकला त्याचा नकाशा. (ह्याला मराठी शब्द घडवत बसू नका, शब्द तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे हे वाक्य द्या.) रिझल्ट चांगले आले, पण तो नकाशा आधी काढून ठेवायलाच फार वेळ जातो. दुसरा मार्ग थ्रीडी कन्व्होल्यूशनचा. कन्व्होल्यूशन म्हणजे आकड्यांची छोटी चौकट, म्हणजे फिल्टर, चित्रभर फिरवत प्रत्येक जागी गुणाकार-बेरजा करणं. साध्या टूडी प्रकारातल्या तीन बाय तीनच्या फिल्टरला इथे काळाची तिसरी बाजू जोडतात, ९ आकड्यांचे २७ होतात, म्हणजे त्या थरातलं गणित सरळ तिप्पट.

आणि मग २०१९ मध्ये एमआयटीच्या जी लिन, चुआंग गान आणि सोंग हान ह्यांचं टेम्पोरल शिफ्ट मॉड्यूल आलं, ते मला फार सुंदर वाटतं. प्रत्येक फ्रेममधून नेटवर्कने काढलेली माहिती चॅनेलमध्ये, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पानांसारखी, असते, त्यातले काही चॅनेल मागच्या फ्रेमकडे सरकवायचे, काही पुढच्या फ्रेमकडे, उरलेले जागेवर ठेवायचे, आणि मग नेहमीचंच टूडी कन्व्होल्यूशन चालवायचं. त्याला आता एकाच जागी तीन वेळांची माहिती मिळते, सरकवण्यात एकही गुणाकार नाही आणि शिकायला एकही नवीन आकडा वाढत नाही. सगळेच चॅनेल सरकवले तर मात्र त्या फ्रेममधलं चित्रच बिघडतं आणि मेमरीतली ने-आणही वाढते, म्हणून थोडेच सरकवतात. लाइव्ह कॅमेऱ्याला भविष्यातली फ्रेम मिळत नाही, तिथे फक्त मागचीकडून पुढचीकडे सरकवायचं. जेटसन नॅनोसारख्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावर हे १३ मिलिसेकंदात चालल्याचं त्यांनी दाखवलंय, घाटावरच्या खांबाला बसवायच्या कॅमेऱ्यासाठी हेच कामाचं. म्हणून शिफ्टला सरकवणे लिहा, स्थानांतरण नको, आणि एफिशियंटला "कमी गणितात".

अजून एक काटकसर फ्रेम निवडण्यात असते. सगळ्या फ्रेम बघायची गरज नसते, पूर्ण व्हिडिओत पसरलेल्या मोजक्या घेतल्या तरी बऱ्याचदा भागतं, आणि दोन फ्रेममधलं अंतर किती ठेवायचं हे हालचालीवर ठरतं. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोड्याथोड्या अंतराने टिपून पडद्यावर हलती दाखवली होती, तुमच्या मुलांना हे उदाहरण जवळचं वाटेल. चेंगराचेंगरी ओळखायला मात्र इतकं अंतर चालणार नाही, तिथे फ्रेम दाट घ्याव्या लागतील.

तर मथळा असा करा: "व्हिडिओतली हालचाल कमी गणितात ओळखायला न्यूरल नेटवर्कला शिकवणं". आत मजकुरात ट्रेनिंगला प्रशिक्षण लिहिलंत तरी हरकत नाही, पण ॲक्शन येईल तिथे कृतीच लिहा, हालचाल नको. आणि गती शब्द राखून ठेवा, कारण पुढे गर्दी किती वेगाने सरकतेय हे मुलं मोजायला लागली की तो लागणारच आहे.