रेग्युलेटरला ब्रेडेड होज घ्यावी की रबरी?

तुम्ही राहता पुण्यात, डायव्हिंगला वर्षातून दोन-तीनदा मालवणला आणि एकदा अंदमानला जाता. पहिला स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणारं उपकरण, घेताय आणि दुकानदार सांगतोय, थोडे पैसे जास्त घाला पण त्याला ब्रेडेड होज, म्हणजे नायलॉनच्या विणीची नळी लावा. माझा सल्ला असा: ज्या दोन होजमधून श्वास घ्यायचा, म्हणजे मुख्य सेकंड स्टेजची (तोंडात धरायच्या भागाची) आणि ऑक्टोपसची (जोडीदाराला द्यायच्या राखीव सेकंड स्टेजची), त्या दोन्ही रबरीच घ्या.

ब्रेडेड होजचं सुख खोटं नाही. हलकी असते, बॅगेत छोटी गुंडाळी होते, आणि मान वळवली तरी माउथपीस ओढल्यासारखा वाटत नाही. जबडा दुखणाऱ्यांना हा फरक पहिल्याच डाइव्हला कळतो. मीही चार-पाच सीझन तीच वापरली.

एका वर्षी जूनमध्ये समुद्र बंद झाला तशी सगळी उपकरणं धुऊन खोलीत टांगून ठेवली. कोकणातला पावसाळा म्हणजे खोलीतल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. ऑक्टोबरात रेग्युलेटर टाकीला जोडला, किनाऱ्यावर चार श्वास घेतले, सगळं ठीक. अठरा मीटरवर मात्र श्वास जड यायला लागला. जोरात ओढावं तेव्हा हवा येई. मी ऑक्टोपसवर गेलो, जोडीदाराला खूण केली आणि आम्ही सावकाश वर आलो. दुरुस्ती करणाऱ्याने ती होज माझ्यासमोर उभी चिरली. बाहेरची वीण नव्यासारखी होती. आतली नळी मात्र चुरा होऊन पिवळट खड्यांसारखी साचली होती.

कारण असं. ब्रेडेड होजच्या नायलॉनच्या विणीखाली बहुधा थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची पातळ नळी असते. त्याचा पॉलिएस्टरवर आधारलेला प्रकार ओलाव्यात आणि उष्णतेत हळूहळू विघटित होतो. यालाच हायड्रोलिसिस म्हणतात. श्वासाची हवा कोरडी असते, पण होज धुताना आत गेलेला एखादा थेंब आणि दमट खोलीतले चार महिने यांनी ते काम होतं. डायव्हर्सच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कनेही अशा आतून स्फटिक धरलेल्या होजबद्दल डायव्हर्सना सावध केलं आहे. पॉलिइथरवर आधारलेला प्रकार पाण्याला बराच जास्त टिकतो, पण बाहेरून बघून तो ओळखता येत नाही.

किनाऱ्यावरच्या तपासणीत हे का सापडलं नाही, तेही समजून घ्या. अठरा मीटरवर भोवतालचा दाब 2.8 बार असतो, म्हणजे तेवढ्याच श्वासाला जवळजवळ तिप्पट हवा लागते. अर्धवट तुंबलेली नळी जमिनीवर पुरते, खाली पुरत नाही. आणि खाली गेल्यावर जोरात श्वास ओढताना चुरा सेकंड स्टेजच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसला तर काय होईल, याचा विचार मी अजूनही करतो.

रबरी होज अमर नाही. पण ती बिघडते ते बहुतेक वेळा बाहेरून दिसतं. धातूच्या टोकाजवळ बारीक चिरा पडतात, रबर फुगतं, पाण्यात बारीक बुडबुड्यांची माळ सुटते. टोकावरचं रबरी संरक्षक कव्हर मात्र दर काही डाइव्हनंतर मागे सरकवून बघा, कारण चिरा त्याखालीच लपतात आणि मीठही तिथेच साचतं. चीर दिसली की होज बदलायची, पुढच्या ट्रिपपर्यंत थांबायचं नाही. श्वासाच्या या लो प्रेशर होजमध्ये भोवतालच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त दाब असतो. ती फुटली तर टाकी काही मिनिटांतच रिकामी होते. टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजची हाय प्रेशर होज फुटताना आवाजाने धडकी भरते, पण तिच्या टोकाचं भोक सुईएवढं असल्यामुळे हवा सावकाश जाते. तिथे ब्रेडेड लावलीत तर माझी हरकत नाही. बीसीडीच्या, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटच्या, इन्फ्लेटरलाही चालेल. तो तुंबला तरी तोंडाने हवा भरता येते.

जबड्याच्या दुखण्यामुळे तरीही मुख्य होज ब्रेडेडच हवी असेल, तर आतली नळी कशाची आहे हे उत्पादकाकडून लेखी विचारा, होजवर छापलेली निर्मितीची तारीख बघा आणि पाच वर्षं झाली की ती कशीही दिसो, काढून टाका. सर्व्हिसिंगला दिलीत की होज दोन्ही टोकांनी सोडवून आतून टॉर्चने बघायला सांगा. वाकवताना कुठे कडक लागली किंवा आत कुरकुरलं तर त्या होजची शेवटची डाइव्ह होऊन गेली असं समजा. धुताना फर्स्ट स्टेजची (टाकीला जोडायच्या भागाची) टोपी घट्ट लावा, सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं पर्जचं बटण दाबू नका, आणि पावसाळ्यात रेग्युलेटर कोकणात कुणाकडे ठेवण्यापेक्षा पुण्याला घेऊन जा, कोरड्या कपाटात सैल गुंडाळी करून ठेवा.

दुकानात गेल्यावर ईएन 250 हे डायव्हिंगच्या उपकरणांचं युरोपीय मानक लिहिलेली होज मागा. ऑक्टोपसची पिवळी आणि साधारण 90 ते 100 सेंटीमीटर लांब घ्या, म्हणजे दुसऱ्याला देताना ओढाताण होत नाही. वाचलेले पैसे दरवर्षीच्या सर्व्हिसिंगसाठी ठेवा.