बंदूक घरात, फाईल टेबलावर: परवानाधारकांचे प्रश्न

प्रश्न: माझी मोहोळ तालुक्यात द्राक्षबाग आहे. वस्ती गावापासून दोन किलोमीटरवर. हंगामात मजुरांच्या पगाराची रोकड घरात असते. बारा बोअरच्या परवान्यासाठी अर्ज करून वर्ष झाले. विचारायला गेलो की ‘पोलीस अहवाल आलेला नाही’ एवढेच ऐकायला मिळते. जिवाच्या रक्षणासाठी बंदूक ठेवणे हा आपला हक्क नाही का?
– बागायतदार, मोहोळ

उत्तर: नाही. बंदूक ठेवण्याचा मूलभूत हक्क आपल्या राज्यघटनेत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि परवाना द्यायचा की नाही हे परवाना प्राधिकारी ठरवतो. पण ठरवतो म्हणजे मनाला येईल तसे आणि मनाला येईल तेव्हा नव्हे. अर्जावर मुदतीत निर्णय मिळणे आणि नकार आल्यास त्याची कारणे लेखी मिळणे, हे तुम्ही मागू शकता. बंदुकीच्या हक्कावर तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात, ही मागणी करणारे मात्र फार थोडे.

शस्त्र नियम २०१६ नुसार पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत प्राधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा असतो. कलम १३ च्या पोटकलम (२-अ) मध्ये याहून कामाची गोष्ट आहे: अहवाल मुदतीत आला नाही, तर प्राधिकारी त्याची वाट न पाहता आदेश काढू शकतो. ‘शकतो’ म्हटले आहे, ‘काढलाच पाहिजे’ नाही. म्हणून आपण आठवण करून दिल्याशिवाय हे कलम कुणी उघडत नाही. अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख घालून, याच पोटकलमाचा उल्लेख करून एक स्मरणपत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. त्यात दोनच गोष्टी विचारा: पोलिसांकडे पत्र कोणत्या जावक क्रमांकाने गेले, आणि अहवाल आला असल्यास कोणत्या तारखेला. फाईल कुठे अडली आहे ते तेवढ्यावरून कळते. पुष्कळदा अहवाल ठाण्यातून निघून वरच्या कार्यालयात पडून असतो आणि अर्जदार ठाण्याचे उंबरठे झिजवत राहतो.

आता अर्जाबद्दल. कारणाच्या रकान्यात ‘स्वसंरक्षणासाठी’ हा एकच शब्द लिहिलेले अर्ज पहिल्याच फेरीत मार खातात. व्यवसायाच्या स्वरूपामुळे जिवाच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज आहे का, हे नियमाप्रमाणे पाहिले जाते. तेव्हा गरज कागदावर दिसू द्या. सातबारा, पगाराच्या आठवड्यात बँकेतून रोकड काढल्याच्या नोंदी, परिसरातल्या चोऱ्यांच्या तक्रारींच्या प्रती आणि वस्ती ते पोलीस ठाणे हे अंतर दाखवणारा साधा नकाशा जोडा. जुना गुन्हा असेल, निर्दोष सुटला असाल तरी, तो लिहा आणि निकालाची प्रत लावा. लपवलेला गुन्हा पडताळणीत सापडतोच, आणि मग नकाराचे कारण गुन्हा नव्हे तर खोटी माहिती हे होते. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून मात्र कलम १४ प्रमाणे परवाना नाकारता येत नाही.

नकार आलाच तर अपिलाला ३० दिवस असतात. ग्रामीण भागात प्राधिकारी जिल्हाधिकारी, त्यामुळे अपील पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे जाते. सोलापूर शहर हद्दीत प्राधिकारी पोलीस आयुक्त आहेत, तिथले अपील राज्य शासनाकडे. वस्ती मोहोळला आणि आधार कार्डावर पत्ता शहरातला, असे असेल तर आधी तो घोळ निस्तरा. नाहीतर दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतील.

प्रश्न: मुलगा टेक्सासमध्ये एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतो. तो सांगतो, तिथे परवाना न काढताही पिस्तूल कमरेला लावून फिरता येते. आपल्याकडे असा कायदा का होत नाही?
– निवृत्त बँक अधिकारी, होटगी रोड, सोलापूर

उत्तर: आधी मुलाला एक गोष्ट आजच कळवा. टेक्सासचा कायदा काहीही म्हणो, अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याप्रमाणे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळी बाळगता येत नाही. याला थोडे अपवाद आहेत. त्यांतला नेहमीचा म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी लागू नाही. राज्याचा कायदा सैल म्हणून पिस्तूल घेतले आणि संघराज्याच्या कायद्यात अडकला, तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही धोक्यात.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील, अन्य कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय हातबंदूक बाळगून फिरता येते, हे खरे. त्याच देशात कॅलिफोर्नियात विकत घेतलेली बंदूक हातात पडायला दहा दिवस थांबावे लागते. राज्याराज्यांत एवढा फरक असला तरी सगळा वाद एकाच खुंटीभोवती फिरतो: शस्त्र बाळगण्याच्या हक्काची १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती. २००८ च्या हेलर निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वरक्षणासाठी बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क मानला. २०२२ च्या ब्रुएन निकालात न्यूयॉर्कची अट उडाली. ती अट काय होती? बंदूक बाहेर नेण्याचा परवाना हवा असेल तर विशेष गरज सिद्ध करा. म्हणजे वर मोहोळच्या बागायतदारांना आम्ही जी सिद्ध करायला सांगितली, जवळपास तीच.

आपल्याकडे ती खुंटीच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक बोलून दाखवला. त्यामुळे अमेरिकेसारखा हक्क मागण्यात परवानाधारकांनी शक्ती घालवू नये, असे आमचे मत आहे. भांडायला जागा दुसरीकडे आहे. आपल्या शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीचेच पाहा. एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या, मूळ विधेयकात ती संख्या एकवर आणली होती, विरोध झाल्यावर दोन ठरली. गुन्ह्यांत सापडतो तो गावठी कट्टा कुठल्याच परवान्यावर नसतो. मग परवानाधारकाची तिसरी बंदूक जमा करून घेतल्याने कट्टे कसे कमी झाले, हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. ते चांगले झाले, हेही म्हटले पाहिजे.

आणखी एक. मुलगा तिथे नेमबाजीच्या रेंजवर जात असेल तर तिथे नेलेली बॅग भारतात येताना आणू नये. तळाशी राहिलेली एक जिवंत गोळीसुद्धा विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवायला पुरते. बॅगेत गोळी आहे याची जाणीवच नव्हती, या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर वकील आणि तारखा सुटत नाहीत.

प्रश्न: वडील वारले. त्यांची इंग्लिश दुनळी घरात आहे. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. बंदूक कुणाच्या नावावर होईल? तोवर घरात ठेवली तर चालेल का?
– बार्शी

उत्तर: घरात ठेवू नका. परवाना वडिलांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. कलम २१ प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे बंदूक जमा करायची असते. तेराव्यानंतर बघू, वर्षश्राद्धानंतर बघू, असे करता करता घरातली आठवणीची वस्तू विनापरवाना शस्त्र होऊन बसते.

न्यायच्या आधी नळ्या आतून कोरड्या पुसून तेलाचा हलका हात फिरवा. कातडी किंवा कापडी म्यानात घालून देऊ नका. म्यान दमट हवा धरून ठेवते आणि ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत दोन पावसाळे गेले की नळीला खड्डे पडतात. पावतीवर बंदूक कोणत्या कंपनीची ते, बोअर, क्रमांक, काडतुसांची संख्या आणि बंदुकीची अवस्था लिहून घ्या. फोटोही काढा.

क्रमांकाकडे नीट लक्ष द्या, जुन्या बंदुकांची प्रकरणे नेमकी इथेच अडतात. दुनळीचा क्रमांक बहुधा चापाच्या कडीच्या मागच्या पट्टीवर असतो. तोच, नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग काढून बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की नळ्यांच्या सपाट तळावरही दिसतो. हाताने लिहिलेल्या जुन्या परवान्यात एखादा आकडा चुकलेला असतो, किंवा क्रमांक म्हणून भलताच शिक्का उतरवलेला असतो. तफावत असेल तर जमा करतानाच लेखी कळवा. वारसाच्या नावावर करताना ती निघाली, तर ही बंदूक तीच का, इथून चौकशी सुरू होते.

वारसांपैकी एकाने अर्ज करायचा, बाकीच्यांनी हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. वारसांत मुलगी, सून, जावईही बसतात, तेव्हा बहिणीला हवी असेल तर तिनेच अर्ज करावा. पडताळणी, वैद्यकीय दाखला आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र इथेही लागते. अर्जदाराकडे आधीच दोन बंदुका असतील तर वारशाची तिसरी मिळणार नाही. मिळणाऱ्या परवान्यावर राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट ओळख क्रमांक आहे ना, ते पाहा. त्याशिवाय परवाना ग्राह्य धरला जात नाही.

हयात वाचकांसाठी: परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने २५ वर्षे बंदूक बाळगली, की जिवंतपणीच ती वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज देता येतो. बार्शीची अडचण अशी टळते.

प्रश्न: दर निवडणुकीला पोलीस बंदूक जमा करायला सांगतात. सरसकट असे करता येते का?
– अकलूज

उत्तर: सरसकट नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवडणूक आयोगाने पद्धत घालून दिली आहे. छाननी समिती प्रत्येक परवान्याचा विचार करते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले, असे लोक ती प्रामुख्याने पाहते. तुमच्या नावाची नोटीस आली तर त्यातल्या मुदतीत जमा कराच. फोनवरच्या निरोपावर मात्र नोटिशीची प्रत मागा. धोका खरा असेल, किंवा तुम्ही रायफल संघटनेचे स्पर्धक खेळाडू असाल, तर पुराव्यासह सूट मागता येते. निकालानंतर आठवडाभराने बंदूक परत मिळायला हवी. मिळेना झाली तर जमा पावतीची प्रत लावून अर्ज द्या.

प्रश्न: चोर पळत असताना गोळी झाडली तर?
– मंगळवेढा

उत्तर: तर आरोपी तुम्ही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे. दरोडा, रात्रीची घरफोडी, जिवाची वाजवी भीती अशा प्रसंगी तो समोरच्याच्या मृत्यूपर्यंतही जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पाठ फिरवून पळणाऱ्यापासून जिवाला धोका होता हे न्यायालयाला पटवणे फार अवघड.

प्रश्न: रानडुकरांनी मका झोपवला. परवान्याची बंदूक आहे, मारले तर चालेल ना?
– उत्तर सोलापूर तालुका

उत्तर: बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर मारायलाही वनविभागाची लेखी परवानगी आधी लागते. तुमचा भाग नान्नज अभयारण्याचा. तिथे काळवीट आणि माळढोक, दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले. अंधारात मक्याच्या कडेला हलणारे काय आहे हे ओळखू येत नसेल, तर परवानगी हातात असूनही चापावर बोट नको. नुकसानीचा पंचनामा मात्र लगेच करून घ्या.

प्रश्न: जुनी बारा बोअर. चाप ओढला, नुसती टिचकी वाजली. कधी बार उडतो, कधी नाही. काडतुसे खराब की बंदूक?
– करमाळा

उत्तर: टिचकी वाजून बार उडाला नाही तर लगेच बंदूक मोडू (उघडू) नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, बार कधी कधी उशिरा उडतो. मग काडतूस काढून बुडाच्या टोपीवरचा, म्हणजे सुई आपटते तिथला, ठसा पाहा. ठसा खोल आणि मधोमध असेल तर दोष काडतुसाचा. ठसा उथळ असेल तर सुईचे टोक झिजले आहे, स्प्रिंग मऊ पडली आहे, किंवा आत वर्षानुवर्षांचे ग्रीस धूळ खाऊन घट्ट झाले आहे. आपल्याकडच्या धुळीत हे तिसरे कारण जास्त संभवते. म्हणून आतल्या भागात ग्रीस नको, पातळ तेल आणि तेही थेंबभरच. स्प्रिंग आणि सुईचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्या.

टिचकीपेक्षा भीती फुसक्या आवाजाची. बार उडाला पण आवाज दबका आला, धक्का नेहमीसारखा बसला नाही, तर छऱ्यांमागचा बोळा नळीतच अडकलेला असू शकतो. त्यावर दुसरा बार टाकला की नळी फाटते, आणि फाटते ती नेमकी पुढच्या हाताजवळ. बंदूक मोडा, दोन्ही काडतुसे काढा, नळीतून आभाळ दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर त्या दिवसाचे काम संपले.

घरात वीस बोअरची काडतुसेही असतील तर ती दुसऱ्या कपाटात, कुलपात ठेवा. वीसचे काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकते, मागून पाहिले तर नळीतले काडतुसाचे घर रिकामे दिसते, आणि वर बाराचे बसते. परिणाम तोच, नळी फाटण्याचा. वीसची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी.

पावसाळ्यात फुगलेली कागदी काडतुसे आणि बुडाच्या पितळेवर हिरवट थर चढलेली काडतुसे वापरू नका. ती चुलीत, कचऱ्यात किंवा विहिरीत टाकू नका. विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करून पावती घ्या आणि तेवढी संख्या आपल्या नोंदीतून वजा करा.

प्रश्न: खंडेनवमीला पूजेत ठेवलेल्या बंदुकीचा फोटो मोबाईलवर स्टेटसला ठेवला तर काही होईल का? मुलासाठी छर्ऱ्याची एअरगन घ्यायची आहे, तिला परवाना लागतो का?
– अक्कलकोट

उत्तर: घरात पूजा करायला कुणाची हरकत नाही. बंदूक रोखून, मिशीला पीळ देऊन काढलेला फोटो मात्र परवाना निलंबनाच्या प्रस्तावाला जोडला जाऊ शकतो. वरातीत हवेत बार काढला आणि त्याने कुणाचा जीव धोक्यात आला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एअरगन ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतल्या शक्तीची असेल तर परवाना लागत नाही. खरेदीची पावती जपून ठेवा.