वाचकांचे प्रश्न : ओढ्याच्या अल्याड बवेरिया, पल्याड थ्युरिंगिया

प्रश्न : माझी मुलगी न्यूर्नबर्गला शिकते. गेल्या महिन्यात ती मैत्रिणींबरोबर म्योडलारॉइट नावाच्या एका खेड्यात जाऊन आली, फोटो पाठवले. पाचपन्नास घरंही नसतील, मधून एक एवढासा ओढा आणि त्याच्या काठाला पांढरी काँक्रीटची भिंत! ती म्हणते बर्लिनसारखीच भिंत आहे. पण बर्लिन तर तिथून कितीतरी लांब, मग ही भिंत खेड्यात कशाला बांधली? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, मुलगी बरोबर सांगतेय. बर्लिनची भिंत वेगळी आणि ही वेगळी, पण दोघी एकाच घरातल्या. म्योडलारॉइटला अमेरिकन सैनिक 'लिटल बर्लिन' म्हणायचे ते उगाच नाही.

आता गंमत अशी की तिथली सीमा भिंतीपेक्षा खूप जुनी आहे. १८१० साली नेपोलियनच्या काळात बायरॉइटचा मुलुख बवेरियाला मिळाला आणि हा तान्नबाख ओढा एका बाजूला बवेरियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला रॉइसचं संस्थान अशी हद्द झाला. काठाला दगड रोवले, एकीकडे 'के बी' कोरलं, दुसरीकडे 'एफ आर', म्हणजे कोनिगराइख बायर्न आणि फ्युर्स्टेंटुम रॉइस. झालं. लोकांना काय फरक पडला? काहीच नाही. शाळा आणि गावातलं हॉटेल, म्हणजे बियर प्यायची जागा, दोन्ही रॉइसच्या, म्हणजे आजच्या थ्युरिंगिया राज्याच्या काठावर आणि रविवारी चर्चला सगळे मिळून बवेरियातल्या ट्योपेन गावात जायचे. पोरं रोज ओढा ओलांडून शाळेत जाणार, बाप संध्याकाळी ओढा ओलांडून बियर पिऊन येणार, असं शंभरएक वर्षं आरामात चाललं होतं. ओढा तरी केवढा, पोरगंसोरगं उडी मारून पार करेल एवढा.

दुसरं महायुद्ध संपलं आणि त्याच दगडांवरून रशियन आणि अमेरिकन सैन्याच्या ताब्यातल्या झोनची हद्द गेली, १९४९ ला दोन देश झाले, थ्युरिंगियाचा काठ पूर्व जर्मनीत, बवेरियाचा पश्चिम जर्मनीत. तरी सुरुवातीला पास काढून ये-जा चालायची. खरा घोटाळा १९५२ ला. मे महिन्यात पूर्व जर्मनीने सीमा बंद केली, ५ किलोमीटरचा पट्टा बंदीचा, त्यातले शेवटचे ५०० मीटर अजून कडक आणि अगदी कडेला १० मीटर नांगरलेली पट्टी, पाऊल पडलं की दिसलंच पाहिजे. मग भरोसा नसलेल्या लोकांना सीमेवरून उचलून आत नेऊन टाकलं, कुटुंबच्या कुटुंबं, सगळ्या सीमेवर मिळून ८ हजारांहून जास्त माणसं. त्या मोहिमेचं नाव काय ठेवलेलं माहितेय? 'उंगेत्सीफर', म्हणजे ढेकूण-उंदरं वगैरे कीड. आपल्याच लोकांना!

गावात आधी लाकडी फळ्यांचं कुंपण आलं, मग काटेरी तार आणि १९६६ ला ही भिंत, ७०० मीटर लांब, ३.३ मीटर उंच. तुमचा प्रश्न होता की खेड्यात कशाला. तर जवळपास १,४०० किलोमीटर सीमेवर बहुतेक ठिकाणी जाळीचंच कुंपण होतं कारण रानात बघणार कोण. पण जिथे घराला घर लागून आहे तिथे जाळीतून माणूस दिसतो, हात करतो, दोन शब्द बोलतो. ते दिसूच नये म्हणून भिंत. पूर्वेकडच्यांना पलीकडे हात हलवायला पण बंदी होती. म्हणजे बवेरियाच्या उतारावर उभं राहून कोणी आपल्या मावशीला हात केला तर मावशीने खाली मान घालून कपडे वाळत घालायचे, दिसलंच नाही असं करून. आणि रात्रभर फ्लडलाईट. १९७३ ला एकाने शिडी लावून भिंत ओलांडली आणि सुखरूप पोचला, पण ते अपवादातच.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली हे सगळ्यांना पाठ आहे. पण या गावाला अजून बरोब्बर एक महिना थांबावं लागलं, ९ डिसेंबरला चालत जाण्यापुरता रस्ता मोकळा झाला. मग १७ जून १९९० ला जेसीबीसारखं मशीन आणून भिंत पाडली. सगळी नाही पाडली, एक तुकडा मुद्दाम ठेवला, टॉवर, कुंपण सगळं जागच्या जागी ठेवून म्युझियम केलं. मुलीने फोटो काढलाय तो त्याच तुकड्याचा.

प्रश्न : ते गाव आता एकच झालं ना? की अजून दोन राज्यांत? आमच्याकडे जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र पण हक्क सांगतो आणि तेलंगणा पण, म्हणून विचारतोय. (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : दादा, अजून दोनच! फक्त तुमच्याकडे दोघंही म्हणतात 'आमचं', तिथे वाद काहीच नाही, ओढ्याच्या अलीकडचं बवेरिया, पलीकडचं थ्युरिंगिया, विषय संपला. माणसं दोन्हीकडची मिळून जेमतेम ४०-५०, पण अर्धं गाव ट्योपेनच्या नगराध्यक्षाकडे, अर्धं थ्युरिंगियातल्या गेफेलच्या. पिनकोड दोन, फोनचा एसटीडी कोड दोन, गाड्यांच्या नंबर प्लेट वेगळ्या. एकीकडे भेटल्यावर 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, दुसरीकडे 'गुटेन टाग'.

आणि सुट्ट्या! ३१ ऑक्टोबरला रिफॉर्मेशन डे, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा दिवस, तर थ्युरिंगियाच्या काठावर सुट्टी आणि बवेरियावाले कामावर. दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबरला ऑल सेंट्स, म्हणजे कॅथलिकांचा संतांचा दिवस, तेव्हा उलटं.

कायद्याने जोडता येईल का, तर येईल. जर्मनीच्या राज्यघटनेत कलम २९ आहे, ५० हजारांपर्यंत वस्तीचा भाग असेल तर दोन राज्यं आपसात करार करून हद्द बदलू शकतात, ४०-५० माणसांसाठी तर काहीच अवघड नाही. पण अजून तरी केलेलं नाही. मला विचाराल तर घाई कशाला, १८१० पासूनची सवय आहे त्यांना, आता ओढा ओलांडायला पास लागत नाही, शेजाऱ्याला हात केला तर शेजारी पण हात करतो, मग नंबर प्लेट कुठली का असेना.