बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीची इतकी रेकॉर्डिंग्ज लोक का जमवतात? फरक खरंच ऐकू येतो का?

तुमचं म्हणणं असं, की पाचव्या सिम्फनीचे सगळे स्वर छापलेले आहेत आणि वादक समोर कागद ठेवूनच वाजवतात. मग एकाच सिम्फनीच्या पाच-सहा सीड्या घरात बाळगणारी माणसं ऐकतात तरी काय, आणि तुम्ही सुरुवात कुठून करायची?

फरक ऐकू येतो, आणि पहिल्या दहा सेकंदांतच येतो. ते तीन तुटक आणि एक लांब असे चार ठोके तुम्हाला माहीतच असतील. त्यातल्या चौथ्या स्वरावर बीथोव्हनने थांबायची खूण केली आहे, पण किती थांबायचं ते लिहिलेलं नाही. लगेच तेच ठोके एक पायरी खाली येतात. या वेळचा लांब स्वर त्याने एक बार (ठरावीक मात्रांचा एक गट) वाढवून लिहिलाय, म्हणजे दुसरा थांबा पहिल्यापेक्षा मोठा हवा. बाकी सगळं कंडक्टरवर, म्हणजे वादकांसमोर उभं राहून हातांनी वादन चालवणाऱ्यावर, सोपवलेलं.

आता जर्मन कंडक्टर विल्हेल्म फुर्टवेंगलरचं 1947चं बर्लिनमधलं रेकॉर्डिंग लावा. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींशी असलेल्या संबंधांबद्दलच्या चौकशीतून मोकळा झाल्यावर तो बर्लिन फिलहार्मोनिकसमोर पुन्हा उभा राहिला, त्या मे महिन्यातल्या मैफिलींपैकी हे एक. थांबे इतके लांबवतो की पुढे काही येणार आहे की नाही अशी शंका यावी. त्याच्या पाठोपाठ इटालियन कंडक्टर टोस्कानिनी ऐका. तिथे थांबा जेवढ्यास तेवढा, की गाडी निघालीच. छापलेला कागद दोघांचा एकच.

(याची तुलना आपल्या यमनशी करणारे भेटतात. मला ती पटत नाही. यमन गाणारा बंदिशीबाहेरचं सगळं तिथल्या तिथे रचतो. इथे एकही स्वर नवा घालायची मुभा नाही, आणि तरी दोन वादनं ओळखू येऊ नयेत इतकी वेगळी होतात. मला गंमत वाटते ती याचीच.)

दुसरी मोठी गोष्ट लय. बीथोव्हनने 1817 मध्ये आपल्या तोवरच्या आठही सिम्फनींच्या लयी मेट्रोनोमच्या (टिकटिक करून लय दाखवणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांत छापून दिल्या. पाचवीच्या चार भागांपैकी पहिल्याला आकडा आहे 108, म्हणजे मिनिटाला 108 बार. हे अशक्य आहे, त्याचा मेट्रोनोमच बिघडलेला असणार, असं म्हणून बऱ्याच कंडक्टरांनी ते बाजूला ठेवलं. 1980च्या दशकात रॉजर नॉरिंग्टन आणि नंतर जॉन एलियट गार्डिनर यांनी जुन्या धाटणीची वाद्यं घेऊन तो आकडा मनावर घेतला. गार्डिनरचा पहिला भाग साडेसहा मिनिटांच्या आत संपतो, ओटो क्लेम्परर या कंडक्टरला 1959च्या रेकॉर्डिंगमध्ये जवळजवळ नऊ मिनिटं लागतात. मात्र सीडीच्या पाठीवरच्या मिनिटांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पहिल्या आणि शेवटच्या भागाचा सुरुवातीचा मोठा तुकडा परत वाजवावा अशी खूण आहे. पहिल्या भागात ती बहुतेक जण पाळतात, शेवटच्या भागात बरेच जण गाळतात, आणि मग उगाच वाटतं की याची लय जलद आहे.

आता माझी सगळ्यात आवडती जागा सांगतो. पहिल्या भागात पाऊण मिनिटाच्या आसपास सगळा गदारोळ थांबतो आणि हॉर्न (पितळी फुंकवाद्यं) एकटे एक हाळी देतात; तिच्यानंतर व्हायोलिनवर मऊ सूर येतो. भाग पुढे सरकतो, मग मध्येच ओबो (लहान लाकडी फुंकवाद्य) एकटाच छोटासा आलाप घेतो. ही खूणगाठ धरा. त्यानंतर वीस-पंचवीस सेकंदांत तीच हाळी परत येते, पण या वेळी बीथोव्हनने ती हॉर्नला न देता बासूनला (खालच्या आवाजाच्या लाकडी फुंकवाद्याला) दिलीय. कारण असं सांगतात, की त्या काळच्या हॉर्नला व्हॉल्व्ह, म्हणजे दाबून सूर बदलायच्या कळा, नव्हते. वादकांच्या हातात त्या वेळी जे हॉर्न होते त्यांच्यावर हे सूर नीट निघाले नसते, आणि नळी बदलायला वेळ नव्हता. पुढे व्हॉल्व्हवाले हॉर्न आले. मग जुन्या पिढीतल्या अनेक कंडक्टरांनी ठरवलं, की आज बीथोव्हन असता तर त्याने हॉर्नच घेतले असते, आणि परस्पर बदल करून टाकला. गार्डिनरकडे बासूनच आहेत: जरासा घोगरा, कुरकुरता आवाज. हॉर्नने ती जागा भारदस्त होते हे खरं, पण मला बासूनच हवेत. एकदा ही जागा कानाला लागली की नवं रेकॉर्डिंग हातात आल्यावर आधी तिथेच जाल.

तिसऱ्या भागातून चौथ्यात जाताना टिंपनी (नगाऱ्यासारखं तालवाद्य) अगदी हळू आवाजात टकटक करत राहते, तिथेही असंच. कडक टिपऱ्या असतील तर एकेक ठोका मोजता येतो, मऊ असतील तर नुसती घरघर. मग ट्रॉम्बोन (मोठी पितळी फुंकवाद्यं) पहिल्यांदा तोंड उघडतात.

जमवण्याबद्दल. ‘सर्वोत्तम कोणतं’ या वादात पडू नका. इंटरनेटवर त्याचं उत्तर ठरलेलं आहे: कंडक्टर कार्लोस क्लायबर, ऑर्केस्ट्रा व्हिएन्ना फिलहार्मोनिक, साल 1974. उत्तर चुकीचं नाही. त्यात असा ताण आहे की मध्येच उठून पाणी प्यायलाही जाववत नाही. पण ‘त्याच्यासारखंच अजून एक’ घेण्यात पैसे घालवू नका. एकमेकांशी न पटणारी तीन घ्या: क्लायबर, फुर्टवेंगलर 1947, गार्डिनर. पुढे कुठे जायचं ते तुमचे कान सांगतील. कुतूहल म्हणून कंडक्टर आर्तुर निकिशचं 1913चं रेकॉर्डिंगही ऐका, ते फुकट मिळतं. मायक्रोफोन नव्हते, भोंग्यासमोर दाटीवाटीने बसून वाजवलंय आणि सिम्फनी तबकड्यांच्या आठ बाजूंवर तुकडे करून मावलीय. खरखरीखालूनही माणूस ठामपणे काही सांगतोय हे कळतं.

विकत घेताना मुखपृष्ठ बघू नका. कंडक्टर, ऑर्केस्ट्रा आणि रेकॉर्डिंगचं साल ही तिन्ही बघा. नुसतं कंडक्टरचं नाव घेऊन ‘करायनची पाचवी’ म्हटल्याने काहीच कळत नाही. करायनने बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरच 1960च्या, 70च्या आणि 80च्या दशकांत असा तीनदा नऊ सिम्फनींचा संच केला, त्याआधी लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबर एकदा. कंपन्या तेच वादन नव्या वेष्टनात पुन्हा पुन्हा काढतात, त्यामुळे घरी असलेलंच परत विकत घेतलं असं सहज होतं. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं, तेव्हापासून दुकानात उभं राहून वेष्टनाची पाठ वाचायची सोय तशी संपलीच. आता ऑनलाइन किंवा रद्दीवाल्याकडे नशीब.

घरी तुलना करताना पूर्ण सिम्फनी लागोपाठ ऐकू नका, कान शिणतात. एकच मिनिट निवडा, तेवढंच तिन्हीकडे ऐका. आवाज सारखा ठेवा, कारण मोठ्याने वाजणारं आपल्याला उगाच चांगलं वाटतं. जमलं तर घरातल्या कुणाला तरी नावं न सांगता लावायला सांगा. माझ्या बायकोने असं केलं तेव्हा तिला स्वतःला क्लायबर नको होता, ‘फार घाईत आहे’ म्हणाली. घरात आजही दोन पक्ष आहेत.

मुंबईजवळ असाल तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा हंगाम गाठा. टिंपनीची टकटक प्रत्यक्षात किती हळू असते ते स्पीकरवर कळत नाही.

क्लायबरची सीडी घेतलीत तर सहसा तिच्यावरच बीथोव्हनची सातवी सिम्फनीही असते. पुढची तुलना तिचीच करा, दुसऱ्या भागापासून.