मुंबईहून पानगळीचे रंग टिपायला कधी, कुठे जावं? आणि फोटोत पानं फिकी का येतात?

काश्मीरचा चिनार वृक्षच हवा असेल तर श्रीनगर, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य. दिवाळीची सुट्टी त्यात आली तर सोय होते, पण विमानाचं तिकीट खिसा कापतं. तिथल्या निशात, शालिमार या मुघल बागांत गर्दी फार. मला काश्मीर विद्यापीठाच्या आवारातली नसीम बाग जास्त आवडते.

पानं फिकी येतात ती बहुतेकदा चकाकीमुळे. पानाचा पृष्ठभाग मेणचट असतो, तो आकाशाचा पांढरा उजेड परत फेकतो आणि खालचा रंग झाकला जातो. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावून हळूहळू फिरवा. एका जागी तो पांढुरका थर उतरतो आणि लाल रंग उघडा पडतो. पाऊस पडून गेल्यावर तर फरक विचारूच नका. पोलरायझरमुळे उजेड दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, वाढवा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग, ऑटोवर नको, तो केशरी छटा फिकी करू शकतो, डेलाइटवर ठेवा. आणि सूर्य पाठीशी घ्यायची सवय सोडा. ऊन पानामागून आलं की शीर न् शीर दिसते. मोबाइलवर पानाला टॅप करून एक्स्पोजर थोडं खाली ओढा.

एवढ्या लांब कशाला म्हणत असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान गाठा. आपल्याकडची पानगळ त्याच सुमाराची, आणि कुसुमाच्या झाडाची कोवळी पालवी इतकी लालभडक की लांबून फुलंच वाटावीत. सकाळच्या लोकलने निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी.